तीट न लावलेलं रान

एका राज्यात हिवाळा येत नसे.

उन्हाळा येई, पावसाळा येई, आणि पावसाळा सरला की पुन्हा उन्हाळाच पाय पसरून बसे. दिवाळीची आंघोळ गार पाण्याने करावी लागे आणि पौषात लोक अंगणात उघडे झोपत. पोरांना दहिवर ठाऊक नव्हतं, शेकोटी ठाऊक नव्हती. आंब्याची झाडं नुसती उंच वाढत, मोहोर म्हणून धरत नसत. हरभऱ्याचे घाटे पोकळ राहत. गोधड्या तर उंदरांनी कधीच खाऊन टाकल्या होत्या.

याचं कारण राजवाड्यातल्या एका भिंतीवर टांगलेलं होतं.

त्या राज्याचा राजा शूरधवल. तो तरुण होता तेव्हा त्याची राणी एका कडक हिवाळ्यात गारठ्याने आजारी पडली आणि गेली. राजाने हिवाळ्यावरच दात धरला. त्याने कर्कटनाथ नावाच्या मांत्रिकाला बोलावलं आणि हुकूम सोडला, "हिवाळ्याला ठार कर."

मांत्रिक म्हणाला, "राजा, ऋतूला मारता येत नाही, कोंडता येतं. असं एक चित्र काढवून घे, की ज्यात हिवाळ्याचं काही म्हणजे काही उणं राहिलं नाही. सगळा हिवाळा चित्रात गेला की बाहेर उरेल काय?"

"आणि तुला काय हवं?"

"हिवाळा जिथे राहील तिथे मला राहू दे."

राजाला वाटलं, मांत्रिक भोळा आहे. राजांना असंच वाटत असतं.

त्या नगरात सटवाजी चितारी राहत होता. हात असा, की त्याने भिंतीवर चिमणी काढली तर मांजर भिंतीवर उडी घेई. त्याचं नुकतंच लग्न झालं होतं. बायकोचं नाव गोजरा. चिताऱ्यांच्या घरची रीत अशी, की चित्र पुरं झालं की घरच्या बाईने त्याच्या एका कोपऱ्यात काजळाची तीट लावायची. गोऱ्यागोमट्या लेकराला लावतात ना, तशीच. चित्रात काहीतरी उणं राहिलं पाहिजे. उणं राहिलं की दृष्ट लागत नाही, आणि चित्र हे चित्रच राहतं, भलतं काही होत नाही. म्हणून चिताऱ्याची बायको काजळाची पितळी डबी कायम कमरेला खोचून हिंडत असे. गोजराही तशीच हिंडे.

सटवाजीने मोठ्या कापडावर हिवाळ्यातलं रान काढलं. पानगळ झालेले साग काढले, गवतावरचं पांढरं दहिवर काढलं, गोठलेला ओढा काढला, झाडांच्या बुडाशी बसलेलं धुकं काढलं. रानाच्या शेवटी एक खोपट काढलं, त्याच्या खिडकीत उजेड काढला आणि छपरावर धूर. गोजरा डबी उघडून पुढे झाली. तर सटवाजी आडवा आला.

"या चित्राला तीट लावायची नाही."

"का?"

"नाही म्हणजे नाही."

मांत्रिकानेच त्याला तशी शपथ घातली होती. कारण कुणाला सांगितलंस तर चितारणारा हात झडेल, असा वर दम भरला होता. पण हे गोजराला कोण सांगणार? तिने चित्राकडे नीट पाहिलं. मग नवऱ्याकडे नीट पाहिलं.

"त्या खोपटात कोण राहतं?"

"कोणी नाही."

"मग दिवा कुणी लावला?"

सटवाजी कुंचले धुवायला वळला. त्या दिवशी गोजराच्या मनात जी पाल चुकचुकली ती पुढे कधी गप्प बसली नाही.

पट राजवाड्यात टांगला गेला आणि त्याच घटकेला राज्यातला हिवाळा त्यात ओढला गेला. मांत्रिकही त्या दिवसापासून कुणाला दिसला नाही.

वर्षांमागून वर्षं गेली. गोजराचे केस पिकू लागले, आवाज चढा झाला, जीभ तर आधीपासूनच धारेची होती. दर फाल्गुनात होळीच्या आधी सटवाजी पटावरची धूळ झटकायला राजवाड्यात जाई, आणि संध्याकाळी घरी येई तेव्हा त्याचे पाय थंडगार असत. सगळं नगर घामाने निथळतंय आणि या माणसाचे पाय विहिरीतून काढल्यासारखे! धोतराला ओली कुसळं चिकटलेली. आणि अंगाला वास कसला, तर हुरड्याचा. आगटीत भाजलेल्या कोवळ्या ज्वारीचा. हिवाळ्याशिवाय हुरडा नाही, आणि हिवाळा तर राज्यात नाही. पण गोजरा लहानपणी पोटभर हुरडा खाल्लेली बाई, तिच्या नाकाला कोण फसवणार?

तिने राजवाड्यातल्या दासी एकेक करून तपासल्या. भटारखान्यातल्या बायकांशी भांडून पाहिलं, गोड बोलून पाहिलं. काही हाती लागलं नाही. सगळ्या म्हणत, तुझा नवरा पटाच्या दालनात जातो आणि तिथूनच बाहेर येतो. मग तिला जास्तच संशय येई. आता कुठल्या बाईला येणार नाही, सांगा!

एका वर्षी फाल्गुनात तिने उंबऱ्यातच वाट अडवली.

"हुरडा कोण भाजून देतं तुम्हाला?"

"गोजरे, सोड वाट."

"नाव सांगा. नाव सांगितलं की सोडते."

"तुला किती वर्षं झाली गं हे विचारायला? एक दिवस तरी न विचारता राहा."

"एक दिवस तरी सांगून बघा!"

सटवाजीने खांद्यावर फडकं टाकलं आणि तो निघून गेला. संध्याकाळी परत आला नाही. सकाळीही आला नाही. आले ते राजाचे शिपाई. "बाई, तुला दरबारात बोलावलंय."

राजा शूरधवल पटासमोर उभा होता. तोही आता म्हातारा झाला होता, पण रागाला वय नसतं. त्याने बोटाने दाखवलं. चित्रातल्या दहिवरावर पावलं उमटली होती. पटाच्या काठापासून निघून सागांमधून, ओढ्यावरून, थेट खोपटापर्यंत. परतीचं पाऊल एकही नव्हतं.

राजा म्हणाला, "तुझा नवरा हिवाळ्याला फितूर झाला."

"फितूर झालाय एवढं मलाही कळतंय, महाराज. कुणाला, ते बघायचं आहे."

"आज संध्याकाळी होळीत हा पट जाळणार. कैदी आणि फितूर, दोघं एकदम जातील."

गोजराने पदर खोचला. "होळी पेटेपर्यंत वेळ द्या. मी त्यांना बाहेर काढते. मग पट जाळा नाहीतर पुरा."

"तू परत येशील कशावरून? तूही फितूर नाहीस कशावरून?"

"महाराज, त्या खोपटात कोण राहतं ते कळल्याशिवाय मला मरायलाही फुरसत नाही."

राजाने तिला एकदा खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि मान डोलावली. गोजरा घरी गेली, पेटीच्या तळाशी ठेवलेली आईची घोंगडी काढली, उंदरांच्या तावडीतून तेवढी एकच वाचली होती. ती अंगाभोवती गुंडाळून ती परत आली, पटाच्या काठावरच्या पहिल्या पावलात तिने आपलं पाऊल ठेवलं आणि चित्रात शिरली.

आत थंडी होती. खरी थंडी, दात वाजवणारी. साग नुसते काड्यांसारखे उभे. पान हलत नव्हतं, कारण पानच नव्हतं. गोजराने तोंडाने श्वास सोडला तर वाफ निघाली. लहानपणी ती आणि तिच्या बहिणी असाच धूर काढून खेळत असत. तिला क्षणभर बरं वाटलं. मग लगेच वाटलं, हे बरं वाटणंसुद्धा फसवं असेल.

"कोण ते?" एका वाळक्या फांदीवरून टिटवी ओरडली.

"चिताऱ्याची बायको. नवऱ्याला न्यायला आले."

"तीन कामं करशील तर भेटेल."

"बोल."

"चपला काढ आणि अनवाणी हे गवत ओलांड. या रानाला कातड्याचा पाय चालत नाही."

गोजराने चपला काढल्या. दहिवरावर पाऊल टाकलं तेव्हा डोळ्यांसमोर काजवे चमकले. पाय आधी झोंबले, मग बधिर झाले, मग ते आपले आहेत की दुसऱ्याचे हेच कळेना. तरी तिने गवत ओलांडलं. मागे वळून पाहिलं तर चपला दहिवरात विरघळून गेल्या होत्या.

टिटवी पुढच्या फांदीवर जाऊन बसली. "आता हा ओढा. नुसतं पाऊल ठेवलंस तर बर्फ फुटेल. घोंगडी पसर आणि तिच्यावरून जा. पलीकडे गेल्यावर ती उचलायची नाही."

"आईची आहे."

"नवरा हवा की घोंगडी?"

गोजराने ओठ घट्ट मिटले. घोंगडी पसरली, तिच्यावरून चालत गेली. पलीकडे पाय टेकला तोच ओढ्याने घोंगडी आत ओढून घेतली आणि वरून पुन्हा बर्फ धरलं. आता गोजराच्या अंगावर एक लुगडं राहिलं. पण खोपट समोर दिसत होतं. खिडकीत उजेड होता. आणि वास येत होता, तोच, इतक्या वर्षांचा.

"तिसरं काम सोपं," टिटवी म्हणाली. "कमरेची काजळाची डबी त्या पळसाच्या ढोलीत टाक. दार आपोआप उघडेल."

गोजराचा हात कमरेला गेला आणि तिथेच थांबला.

चपलांचं समजलं. घोंगडीचंही एक वेळ समजलं. पण काजळ? काजळाने गवत चुरगळत नाही आणि बर्फही फुटत नाही. ते या पाखराला कशाला सलतंय?

"तुला काजळ गं कशाला? लग्नाला उभी राहणारेस?"

"प्रश्न विचारू नकोस. टाक."

"हेच मी आयुष्यभर ऐकत आले. आणि जेव्हा जेव्हा हे ऐकलं, तेव्हा तेव्हा त्याच्या मागे काहीतरी दडवलेलं होतं." गोजरा फांदीखाली येऊन उभी राहिली आणि मान वर करून टक लावून पाहू लागली. "दुसरं म्हणजे, तू झाडावर कशी?"

टिटवीने पंख आवळले. "का? पाखरू झाडावर बसत नाही?"

"पाखरू बसतं. टिटवी बसत नाही. टिटवी जमिनीवर राहते, जमिनीवरच अंडी घालते, हे शेंबडं पोरसुद्धा सांगेल. माझा नवरा लबाड असेल, पण त्याने टिटवी झाडावर काढली नसती. तुला त्याने काढलेलंच नाही. तू बाहेरून आलेली आहेस. खरं बोल, कोण तू?"

टिटवीने मान फिरवली. पण थंडी एकदम वाढली, आणि त्या थंडीतच गोजराला सगळं दिसल्यासारखं झालं. हिवाळा जिथे राहील तिथे राहू द्या, असं मागणारा तो मांत्रिक, ज्याची गोष्ट सगळं नगर सांगे. चित्रात वय वाढत नाही. हे रान उणं होत नाही तोवर त्याला मरण नाही. आणि चित्र उणं करणारी वस्तू सगळ्या राज्यात एकच, ती तिच्या कमरेला.

"कर्कटनाथा," ती म्हणाली, "माझ्याच घरची रीत मोडून माझ्याच घरात आग लावलीस होय?"

टिटवी तिच्या डोळ्यांवर झेपावली. गोजराने पदराचा फटका असा मारला की पाखरू काट्यांत जाऊन पडलं. मग ती धावली, बधिर पायांनीच धावली, आणि खोपटाचं दार तिने खांद्याने ढकललं.

आत चूल पेटलेली होती. चुलीपाशी सटवाजी बसलेला होता, आणि दहिवर त्याच्या पायांवरून गुडघ्यांपर्यंत चढलं होतं. तिथून खाली तो माणूस राहिला नव्हता, रंग झाला होता. आणि त्याच्या समोर एक तरणीताठी बाई हुरडा भाजत होती. हिरवं लुगडं, हातभर बांगड्या. तिने वर पाहिलं आणि गोड हसली.

"या मावशी, बसा. हुरडा खा."

गोजराच्या तळपायाची आग मस्तकात गेली. बधिर पायांत एवढी आग शिल्लक असेल असं तिला वाटलं नव्हतं. "मावशी? मावशी कुणाला म्हणतेस गं, सटवे? इतकी वर्षं माझ्या नवऱ्याला—"

आणि ती थांबली. त्या बाईच्या हनुवटीवर गोंदण होतं. वर दोन ठिपके, खाली एक, आणि खालचा जरासा वाकडा, कारण गोंदताना पोरीने मान हलवली होती. गोजराने स्वतःच्या हनुवटीला हात लावला.

"अहो," ती हळूच म्हणाली. "ही कोण?"

सटवाजीने मान वर केली नाही. "मांत्रिक म्हणाला, काही उणं ठेवू नकोस. खोपट काढलं तर चूल हवी, चूल आली तर तिच्यापाशी बाई हवी. मला बाई काढायची तर दुसरी कुठली काढता येते? आपलं लग्न झालं होतं ना नुकतं. मग वरून खोपटाची भिंत रंगवली."

"मग सांगितलं का नाही?"

"हात झडला असता. आता काय, पायच गेले. हाताचं काय घेऊन बसू?"

"आणि तुम्ही दरवर्षी इथे येऊन हुरडा खात बसलात."

"ही विचारत नाही, गोजरे. कुठे होता, कुणाकडे होता, काही विचारत नाही."

"हुरडा खा," तरुण गोजरा म्हणाली.

"बघ. आधी बरं वाटायचं. मग कळलं, हिला एवढंच येतं. मी भांडलो तरी हुरडा खा. मी रडलो तरी हुरडा खा. काल निघावं म्हटलं, तर पाय उचलेनात." त्याने आता वर पाहिलं. दहिवर मांडीपर्यंत आलं होतं. "तू कशाला आलीस?"

"संशय फिटायचा होता," गोजरा म्हणाली. डोळे पुसायला तिला वेळ नव्हता.

खोपट कलंडलं. खिडकीतून आता रान दिसत नव्हतं, राजवाड्याचं अंगण दिसत होतं. शिपायांनी पट उचलून होळीच्या लाकडांवर ठेवला होता. माणसं गोळा झाली होती. राजाच्या हातात पेटता पलिता होता.

गोजराने डबी काढली. थंडीने झाकण घट्ट बसलं होतं, ते तिने दातांनी उघडलं. बोट काजळात बुडवलं आणि ती त्या पोरीपुढे गुडघे टेकून बसली. काय गाल होते! काय डोळे होते, जगावर भरवसा ठेवणारे! हे सगळं एकदा आपलं होतं, हे ती विसरूनच गेली होती. या पोरीने मन मारून कुठलंही दार तपासलं नव्हतं, कुणाच्या धोतराचा वास घेतला नव्हता. एक ठिपका लावला की ही जाणार.

दाराच्या फटीतून टिटवी आत घुसली आणि माणसाच्या आवाजात किंचाळली, "लावू नकोस! ही गेली तर तुझं तारुण्य कुठेच उरणार नाही!"

"ते तसंही माझ्याकडे नाहीये," गोजरा म्हणाली. मग तिने त्या पोरीची हनुवटी धरली, जशी आई धरते तशी. "लग्नाच्या वर्षीच लावायला हवी होती गं तुला. कुणाची तरी दृष्ट लागलीच बघ."

आणि तिने गालावर तीट लावली.

चूल विझली. पोर हसली आणि हसता हसता पुसली गेली, आधी बांगड्या, मग लुगडं, शेवटी हनुवटीवरचे ठिपके. टिटवीचा मांत्रिक झाला, मांत्रिकाचा म्हातारा झाला, म्हाताऱ्याची माती झाली. सटवाजीच्या पायांवरचं दहिवर वितळून पाणी झालं. आणि मग सगळं रान एकदाच मोठ्याने श्वास सोडून मोकळं झालं.

अंगणात राजाने पलिता पुढे केला तोच पटातून वारा सुटला. असा गार वारा तिथल्या पोरांनी जन्मात अनुभवला नव्हता. पलिता विझला. लोकांच्या अंगावर काटा आला. आणि लाकडांच्या राशीवरून चितारी आणि चितारीण गडगडत खाली आले, दोघंही ओलेचिंब, दोघंही अनवाणी.

राजा म्हणाला, "काय केलंस, बाई?"

"उणं राहिलं होतं ते पुरं केलं, महाराज. आता तो पलिता पुन्हा पेटवा. आम्हाला थंडी वाजतेय."

होळी पेटली, पण पट बाजूला काढून. त्या राज्यातली माणसं कित्येक वर्षांनी होळीच्या जवळ सरकली. तळवे पुढे केले, मग पाठ शेकली, मग पोरांना कुशीत घेतलं. बाया आईची, आजीची गाणी आठवू लागल्या. राजा एकटाच लांब उभा होता. गोजराने त्याच्याकडे पाहिलं आणि ठणकावून सांगितलं, "या पुढे. आग कुणाला खात नाही, आणि इतक्या लांबून शेकतही नाही."

राजा आला. त्याने हात पुढे धरले. बराच वेळ धरले. मग म्हणाला, "राणीला शेकोटी फार आवडायची. मी विसरलो होतो." आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा तो रडला.

हिवाळा त्या वर्षी अवेळी आला, पण आला. पुढच्या वर्षापासून वेळेवर येऊ लागला. आंबे मोहोरले, घाटे भरले, म्हाताऱ्या बाया नातवंडांसाठी गोधड्या शिवायला बसल्या. राजाने गोजराला बोलावून म्हटलं, "माग, हवं ते माग."

"चपला द्या. आणि एक घोंगडी. आईच्यासारखी मिळणार नाही, पण जाड द्या."

पट अजून राजवाड्यात आहे. साग आहेत, ओढा आहे, खोपट आहे. खिडकीत उजेड नाही. दाराशी काजळाचा एक ठिपका आहे, पाहणाऱ्याला वाटतं माशी बसली. सटवाजी आता धूळ झटकायला जातो तेव्हा गोजरा बरोबर जाते. खोपटात वाकून बघते. कोणी नाही ना, याची खात्री करते. मग घरी येऊन स्वतः आगटी पेटवते आणि म्हणते, "हुरडा खा," आणि वर म्हणते, "आणि सकाळी कुठे गेला होता ते सांगा."

रात्री सटवाजीचे पाय तिला लागतात. थंडगार असतात. पण आता त्या राज्यात सगळ्यांचेच पाय थंड असतात, तेव्हा संशय घ्यायचा तरी कुणावर? ती घोंगडी त्याच्या पायांवर ओढते आणि झोपते. ज्याचा ऋतू हरवला असेल, त्याच्या दारी तो असाच चालत परत येवो.